गाडीत काय कमी होतं

काशीराम पिलणकरांनी जन्मात एकच पत्र बिनउत्तराचं ठेवलं, आणि तेही अशा माणसाचं, ज्याला उत्तर लिहायला त्यांनी कधी दुसरा दिवस उजाडू दिला नव्हता. पत्र युसुफचं होतं. निळं अंतर्देशीय. युसुफ राजिवड्याला राहायचा आणि काशीराम मांडवीला. दोन घरांमधलं अंतर एक विडी ओढून संपेल एवढं. तरी युसुफने ते पत्र टपालात टाकलं होतं. पोस्टमन सायकलवरून उतरून ते हातात देत गमतीने म्हणाला होता, की गावातल्या गावात पत्र म्हणजे कोर्टाची नोटीस नाहीतर प्रेमपत्र. काशीराम हसले होते. मग आत जाऊन, पाठ दाराकडे करून त्यांनी ते उघडलं.

मजकूर जेमतेम चार ओळींचा होता. तुझ्या हेतलचं लग्न छान पार पडलं असं कळलं, आनंद झाला. एकच विचारायचं होतं. माझ्या गाडीत काय कमी होतं तेवढं कळव, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत नीट करून घेईन. भाभीला सलाम सांग.

बायकोने, मथुरेने, स्वयंपाकघरातून विचारलं, काय लिहितायत युसुफभाई? काशीराम म्हणाले, ख्यालीखुशाली. आणि पत्र त्यांनी एका जाड शब्दकोशात ठेवून दिलं. हे २००४ सालच्या मे महिन्यातलं. त्यानंतर तो शब्दकोश त्यांनी उघडला नाही. एखादा शब्द अडला तर अडू दिला.

काशीराम आणि युसुफ यांची दोस्ती बापांपासूनची. युसुफचे वडील नाखवा, म्हणजे मचव्याचे मालक, आणि काशीरामांचे वडील त्याच मचव्यावर तांडेल. एकाची होडी, दुसऱ्याच्या हाती सुकाणू. पोरं दोघं एकाच मराठी शाळेत एका बाकावर बसली. पुढे मचवा विकला गेला, युसुफ कुवेतला गेला, आणि समुद्राची हवा न मानवलेले काशीराम गावातल्या वाचनालयात कारकून म्हणून चिकटले, ते निवृत्त होईपर्यंत. युसुफ तिकडे आधी ड्रायव्हर, मग मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात मुकादम झाला. दर महिन्याला पत्र. काशीराम समोरासमोर बोलण्यात कच्चे. चार माणसं जमली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. पण कागद पुढे आला की तेच काशीराम असे काही मोकळे व्हायचे, की युसुफ लिहायचा, ‘तू पत्रातच राहायला ये.’ युसुफच्या बायकोच्या, बिल्किसभाभीच्या बाळंतपणापासून वाचनालयाच्या गळक्या कौलांपर्यंत सगळं त्या पत्रांतून आखाताच्या पार गेलं आणि परत आलं.

युसुफ कायमचा परत आला तेव्हा त्याने एक गाडी घेतली. मुंबईतल्या कुठल्याशा कंपनीच्या साहेबाने वापरलेली, जपानी, दुधाच्या सायीच्या रंगाची. चारचौघांतली गाडी. तिला पाहून कोणी रस्त्यात थांबलं नसतं. पण आत बसल्यावर पाय लांब करून बसावं, आणि तरी पुढच्या माणसाच्या पाठीला गुडघा लागू नये, एवढी ऐसपैस. युसुफने पहिली फेरी काशीरामांना मारून आणली, भाट्याच्या पुलावरून पलीकडे. वाटेत त्याने गाडीचे दोन दोष स्वतःच सांगून टाकले. एक, पेट्रोल जरा जास्त पिते. दुसरा, आधीच्या मालकाने रिव्हर्सचा भोंगा बसवून घेतला होता. गाडी मागे घेतली की पिपाणीसारखी एक धून वाजायची. ती काढून टाकायची युसुफच्या मनात होती, पण नातीला, झोयाला, ती आवडायची, म्हणून राहिली. मागच्या काचेवर हिरव्या आकड्यांत ७८६ लिहिलेलं होतं. ते बिल्किसभाभीने हौसेने चिकटवून घेतलं होतं, अल्लाच्या नावाने गाडी सुखरूप फिरावी म्हणून.

मुलीचं, हेतलचं लग्न ठरलं तसे काशीराम मथुरेला घेऊन राजिवड्याला गेले. अक्षत दिली. मग अंगणात जाऊन गाडीच्या पुढ्यात नारळ ठेवला. कोकणात कोणाचं वाहन लग्नाला मागायचं ते असं. बोलून मागितलेलं एक वेळ विसरता येतं, नारळ ठेवून मागितलेलं विसरता येत नाही. युसुफने नारळ दोन्ही हातांनी उचलून डोक्याला लावला.

“हेतलला कार्यालयात मी नेणार,” तो म्हणाला. “ड्रायव्हर म्हणून नाही हां काशीराम. चाचा म्हणून.”

बिल्किसभाभीने आतून सांगितलं की गाडीला अबोलीच्या माळा ती स्वतः ओवणार आहे, बाजारातल्या झेंडूला कोणी हात लावायचा नाही.

इथवर सगळं सरळ होतं. मग सर्वेश आला. काशीरामांचा थोरला. मिरजोळ्याला एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर. लग्न दोन दिवसांवर आलं असताना तो एक बातमी घेऊन आला, आणि बातमी सांगताना त्याचा चेहरा असा काही फुलला होता की काशीरामांना आधी वाटलं याला बढती मिळाली. शेठनी आपली नवी गाडी लग्नाला देऊ केली होती. जर्मन. चंदेरी. आकाराने लहान, पण नाव असं की पुण्याच्या व्याह्यांनी कार्यालयाच्या दारातच ओळखावं. शेठनी स्वतःहून विचारलं, सर्वेश म्हणाला, आता नाही कसं म्हणणार?

काशीराम म्हणाले की युसुफला नारळ दिलाय.

सर्वेश बुटांची नाडी बांधत होता. तो खाली वाकलेलाच राहिला. “युसुफचाचांची गाडी चांगलीच आहे हो बाबा. पण मागच्या काचेवर ते लिहिलंय ना. फोटोत येईल. पुण्याची माणसं आहेत, काय म्हणतील.”

मथुरा तिथे नव्हती. ती असती तर सर्वेशच्या पाठीत धपाटा बसला असता. तिथे एकटे काशीराम होते. आणि ते म्हणाले, “बघू.”

संध्याकाळी ते युसुफकडे जायला निघाले. सांगायचं काय ते मनात जुळवलं होतं: गाड्या दोन होतात, तर नवरीला ती, बायकांना तुझी. राजिवड्याच्या चढावर आले. युसुफच्या अंगणात त्याचा मुलगा जुनेद गाडी धूत होता आणि बिल्किसभाभी पायरीवर बसून अबोलीची फुलं निवडत होती. युसुफ दिसला नाही. काशीराम कुंपणाआड थांबले, चपलेत खडा गेल्यासारखं करून खाली वाकले, चप्पल झटकली आणि परत फिरले. घरी आल्यावर मथुरेला त्यांनी काहीच सांगितलं नाही. उद्या सर्वेशला पाठवू, असं स्वतःला सांगितलं. सर्वेशला त्यांनी पाठवलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवीच्या त्यांच्या बोळात चंदेरी गाडी येऊन उभी राहिली, नाकाला झेंडूचा हार घालून. बोळ असा की एक गाडी शिरली की दुसरीला भिंती चाटत जावं लागावं. पोरंटोरं चंदेरी गाडीच्या काचेत आपली तोंडं बघत होती. काशीराम टोपी शोधायला माडीवर गेले होते. खिडकीतून त्यांना बोळाचं तोंड दिसलं. तिथे सायीच्या रंगाची गाडी उभी होती. टपावर, दारांवर, आरशांवर अबोलीच्या माळा, इतक्या नेटक्या की जणू गाडी विणलेलीच होती. स्टिअरिंगवर युसुफ. पांढरा कडक इस्त्रीचा झब्बा, डोक्याला नवी टोपी. तो चंदेरी गाडीकडे बघत होता. मग त्याने मान वर केली आणि खिडकीकडे पाहिलं.

काशीरामांनी हात वर करायला हवा होता. ‘थांब, आलो’ म्हणायला हवं होतं. खिडकीपासून ते एक पाऊल मागे सरले, आणि मागे सरल्यावर त्यांना कळलं की आपण सरलो.

युसुफने हॉर्न वाजवला नाही. तो उतरलाही नाही. बोळाच्या तोंडाशी वळायला जागा नव्हती, म्हणून तो गाडी मागे घेऊ लागला. आणि ती धून सुरू झाली. लहान पोरांच्या पिपाणीसारखी, आनंदी, थांबायचं नाव न घेणारी. एवढी माळांनी लगडलेली गाडी उलटी उलटी, नाक आपल्याकडे ठेवून लांब लांब जात राहिली, आणि धून वाजत राहिली, पार मोठ्या रस्त्यापर्यंत. खाली कोणीतरी हसून म्हणालं, वरात आली बहुतेक. काशीराम टोपी हातात घेऊन उभे होते. ती मघापासून हातातच होती.

कार्यालयात युसुफ आला नाही, बिल्किसभाभी आली नाही. हेतलने बोहल्यावरूनच विचारलं, चाचा कुठे? काशीराम म्हणाले, दापोलीला त्याची बहीण आजारी आहे, पहाटेच जावं लागलं. हे खोटं त्यांच्या तोंडून इतकं सरळ बाहेर पडलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. एरवी खरं बोलताना ते अडखळत.

पत्र आल्यावर काशीरामांना पहिल्या क्षणी चक्क सुटल्यासारखं वाटलं. युसुफने गाडीबद्दल विचारलं होतं. फक्त गाडीबद्दल. दुसरं काही विचारायची जागाच त्याने ठेवली नव्हती, म्हणजे काशीरामांना उत्तर द्यायला वाट ठेवली होती. गाडीत अमुक कमी होतं, एवढं लिहिलं की झालं. दोस्ताला मान खाली घालायला लागू नये म्हणून त्याने विषयच मोटारीवर आणून ठेवला होता.

तेव्हा काशीरामांनी जन्मभर केलं तेच केलं. ते वाचनालयात गेले. मोटारींबद्दलची इंग्रजी मासिकं मागच्या कपाटात गठ्ठ्याने पडलेली असत. ती वाचणारं गावात कोणी नव्हतं, एक जुना वर्गणीदार डॉक्टर ती दान करायचा. आता तिथे काम करणाऱ्या सगुणाला नवल वाटलं. काका, गाडी घेताय काय, तिने विचारलं. काशीराम म्हणाले, जावयासाठी बघतोय. हे आणखी एक खोटं.

नशिबाने म्हणा की दुर्दैवाने, त्यांना हवा तोच लेख सापडला. लहान आकाराची उंची जर्मन गाडी आणि मध्यम आकाराची साधी जपानी गाडी, दोघींना शेजारी उभं करून घेतलेली परीक्षा. काशीराम शब्द लावत वाचू लागले. जसजसं वाचत गेले तसतसा त्यांना हुरूप आला. जर्मन गाडीचे ब्रेक खरंच सरस होते. वेगात ती रस्त्याला चिकटून चाले. दार लावलं की कपाट बंद झाल्यासारखा भरीव आवाज येई. आत चामडं, खरं लाकूड. अपघातात माणूस वाचावा म्हणून फुगणाऱ्या पिशव्या जास्त. त्यांनी ब्रेकबद्दलचं वाक्य दोनदा वाचलं. हे लिहिता येईल. ‘मुलीला न्यायचं म्हणून ब्रेकचा विचार केला.’ बाप म्हणून असा विचार कोणीही करील.

पण मासिकवाले पुढे गेले होते. मागच्या बाकाबद्दल त्यांनी वेगळा परिच्छेद लिहिला होता. लहान गाडीत मागे बसलेल्याचे गुडघे वर येतात, तिसऱ्या माणसाला मधल्या उंचवट्यावर बसावं लागतं, सामानाची जागा तोकडी. जपानी गाडीत तिघं आरामात. खराब रस्त्यावर ती जास्त मऊ. शेवटी निकाल दिला होता तो असा: स्वतः पुढे बसून चालवायची असेल, चालवण्याची मजा घ्यायची असेल, तर पहिली घ्या. मागे माणसं न्यायची असतील तर दुसरीला तोड नाही.

नवरी मागे बसते.

आणि हे काशीरामांना मासिकाने सांगावं असंही नव्हतं. लग्नाच्या दिवशी त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं. हेतलचा शालू, करवली, समई आणि त्यांची थोरली बहीण आवडाबाई असं सगळं चंदेरी गाडीत कोंबायचा प्रयत्न झाला. आवडाबाई आत गेली, पण तिचे गुडघे हनुवटीला टेकले. ती तशीच बाहेर आली. म्हणाली, “ही गाडी हाय का पानाचा डबा? चकचकीत तेवढी, बसायला जागा नाय.” मग तिला रुखवताचं ताट मांडीवर देऊन रिक्षात बसवलं. सगळे हसले. काशीरामही हसले होते.

मासिक त्यांनी कपाटात परत ठेवलं. सगुणाने विचारलं, कुठली चांगली? ते म्हणाले, ठरत नाही.

पुढची तीन वर्षं अशी गेली. काशीराम मासळीला राजिवड्याच्या बाजूने जाईनासे झाले. मिरकरवाड्याला लांबून वळसा घेऊन जात, आणि मथुरेने विचारलं की सांगत, तिकडे ताजी मिळते. पेट्रोलपंपावर एकदा सायीच्या रंगाची गाडी दिसली तर ते शेजारच्या वह्यापुस्तकांच्या दुकानात शिरले आणि नको असलेली कंपासपेटी घेऊन बाहेर पडले. कुठेही कोणाचीही गाडी रिव्हर्स घेताना वाजू लागली की ते होते तिथून उठून जात. बोळात टेम्पो यायचा, पाण्याचा टँकर यायचा. हल्ली सगळ्याच गाड्यांना भोंगे. जुम्म्याला युसुफ मशिदीतून कधी बाहेर पडतो ती वेळ त्यांना पाठ झाली, आणि त्या वेळेला ते घरात असत. मित्राला टाळायचं म्हणून त्याचा दिवसच्या दिवस पाठ करावा लागतो हे त्यांना आधी माहीत नव्हतं.

युसुफने दुसरं पत्र लिहिलं नाही. बोलणं तर दूरच. तो कोणाकडे काही बोललाही नसावा, कारण बोलला असता तर मांडवीत ते वाऱ्यासारखं पसरलं असतं.

यंदाच्या मे महिन्यात हेतल आणि जावई आंबे खायला आले. एका दुपारी सगळे पडवीत बसले होते. आवडाबाई भिंतीला टेकून फणसाचे गरे सोलत होती. मथुरा आठळ्या बाजूला काढत होती. जावयाने गाडी घ्यायचं काढलं. त्याच्या ऑफिसात दोन तट पडले होते म्हणे: एकाचं म्हणणं, लहान का होईना, नावाजलेली उंची गाडी घ्यावी, लोक विचारतात. दुसऱ्याचं म्हणणं, साधी घे पण ऐसपैस घे. जावई सासऱ्यांकडे वळून म्हणाला, तुम्ही एवढं वाचता, तुम्हीच सांगा. तुमचा निकाल अखेरचा.

काशीरामांच्या हातातला गरा हातातच राहिला.

त्यांच्या आधी हेतलच बोलली. तिने साधी, मोठी घ्यायला सांगितलं. लहान उंची गाडीची हौस आपली लग्नाच्या दिवशीच फिटली, असं ती म्हणाली. शालू चुरगळला, करवली माझ्या मांडीवर, आत्या रिक्षात. आवडाबाईने पानाच्या डब्याची आठवण काढली आणि परत एकदा हशा झाला.

“युसुफचाचांच्या गाडीत सगळे मावलो असतो,” हेतल म्हणाली. “चाचांनी शब्द दिला होता ना. नेमकी त्या दिवशी दापोली आली मध्ये.” आणि मग जरा थांबून, हसणं ओसरल्यावर, “बाबा, खरं सांगू? मला त्यांचा राग आला होता. बहीण आजारी म्हणून जावं लागलं हे ठीक. पण नंतर एकदाही आले नाहीत. भाभीही नाही. मी म्हटलं, एवढे चाचा चाचा म्हणायचे, नि शेवटी परके ते परकेच.”

आवडाबाईची सुरी चालत राहिली. मथुरा नवऱ्याकडे पाहत होती. तिला किती ठाऊक होतं हे काशीरामांना कधी कळलं नव्हतं. ते तिने कधी विचारूही दिलं नव्हतं.

काशीरामांच्या मनात आलं, आता जर मी गप्प बसलो, तर माझ्या पोरीच्या मनात युसुफ परका म्हणून राहील. आणि हे मी केलं असेल. त्याने नाही.

“तो दापोलीला गेला नव्हता,” ते म्हणाले.

“मग?”

“इथंच आला होता. बोळाच्या तोंडापर्यंत. गाडी सजवून.”

हेतलने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. जावई उठून अंगणात गेला, समंजस माणूस. काशीरामांना सगळं सांगायचं होतं, पण चार माणसांत सांगायला त्यांना कधीच जमलं नव्हतं, आणि आताही वाक्यं तुटत होती. खिडकी सांगितली. मागे सरलो ते सांगितलं. सर्वेशचं नाव ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं.

“म्हणजे मी तीन वर्षं चाचांना नावं ठेवत होते,” हेतल हळू म्हणाली.

“होय.”

मथुरेने आठळ्यांची परडी उचलली. “ख्यालीखुशाली म्हणालात ना पत्रात?” ती उठता उठता म्हणाली. “बरीच लांबली म्हणायची तुमची ख्यालीखुशाली.”

हेतल म्हणाली, आत्ताच जाऊ. ऊन उतरलं की निघू, मी येते बरोबर. काशीराम मान हलवत राहिले. मथुरेलाही वाटलं जावं, समोरासमोर बोललेलं बरं. पण या एका गोष्टीत काशीराम आपला हट्ट सोडीनात. ते म्हणाले, मी गेलो तर काय करीन मला माहीत आहे. बिल्किसभाभी चहा देईल, युसुफ माझ्या गुडघेदुखीचं विचारील, मी आंबा यंदा कमी आला म्हणेन, नि परत येईन. “आधी माझं पत्र जाऊ दे त्याच्याकडे. मग तो ये म्हणाला तर जाऊ.”

आतल्या खोलीत बसून त्यांनी शब्दकोश उघडला. युसुफचं पत्र काढून समोर ठेवलं आणि लिहायला घेतलं. सवयीने पहिलं वाक्य ब्रेकचंच उतरलं. ‘त्या गाडीचे ब्रेक सरस होते असं मी पुढे वाचलं.’ त्यांनी ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. अजूनही, म्हाताऱ्या, अजूनही तू मोटारीआड लपतोस. तो कागद फाडला. दुसऱ्यात त्यांनी सर्वेशच्या शेठचं लिहिलं, नाही कसं म्हणायचं ते लिहिलं. तोही फाडला. युसुफने एवढी मोठी वाट उघडी ठेवली होती, फक्त गाडीबद्दल विचारून. आता त्या वाटेने जायचं नव्हतं.

तिसऱ्यात त्यांनी असं लिहिलं:

‘युसुफ, तुझ्या गाडीत काही कमी नव्हतं. मागच्या काचेवरचे आकडे फोटोत येतील, व्याही काय म्हणतील, अशी भीती वाटली. ही भीती मला कोणी घातली नाही. नारळ ठेवायला मी तुझ्या अंगणात आलो, तेव्हा गाडीच्या मागून फिरून पुढे आलो होतो. तेव्हाच ते आकडे पाहून माझ्या मनात आलं होतं. तुझ्या हातात नारळ दिला तेव्हा ते मनात होतं. नंतर घरात दुसऱ्या कोणी बोलून दाखवलं, आणि मला बरं वाटलं की ते मी बोललो नाही. खिडकीत मी होतो. तू वर पाहिलंस तेव्हा मी मागे सरलो. हेतलला मी सांगितलं होतं की तू दापोलीला गेलास. तिने तुला तीन वर्षं नावं ठेवली, तो दोषही माझाच. आज तिला खरं सांगितलं.

तुला भेटायचं धाडस नाही. तू बोलावशील असं धरूनही चालत नाही. बिल्किसभाभीच्या माळा मी पाहिल्या होत्या, हे तिला सांग.

काशीराम.’

परत वाचताना त्यांना दोन ठिकाणी वाटलं की हे फारच उघडं झालं, आणि एका ठिकाणी वाटलं की यातही आपण आपलीच कीव करतोय. ‘धाडस नाही’ हे वाक्य खोडावं असं मनात आलं. खरं होतं, म्हणून ठेवलं. पाकीट बंद केलं. पत्ता लिहिताना हात थांबला नाही. कुवेतचा लांबलचक पत्ता तीस वर्षं लिहिलेल्या माणसाला राजिवडा म्हणजे काय.

ऊन उतरल्यावर ते निघाले. हेतल दारापर्यंत आली, पण बरोबर येते म्हणाली नाही. मांडवीच्या रस्त्यावर समुद्राकडे फिरायला निघालेली माणसं होती, एक ओळखीचा थांबून काय काका म्हणाला, काशीरामांनी मान हलवली. पोस्टाबाहेरची तांबडी पेटी बऱ्याच दिवसांत कोणी रंगवलेली नव्हती. त्यांनी पाकीट तोंडाशी धरलं. इथून युसुफचं घर फार लांब नव्हतं, हेही त्यांच्या मनात आलं. पोस्टातला शिपाई दाराला कुलूप लावून पेटीजवळ आला आणि म्हणाला की आजचं टपाल निघालं, आता उद्या सकाळीच. काशीराम म्हणाले, चालेल. आणि त्यांनी पाकीट आत सोडलं.